कोंबड्याचं औषध

माझ्या बाबांचे हात दोन कामांत कधी चुकले नाहीत. एक, कोंबड्याच्या पायाला काती बांधणं आणि दुसरं, मायला मारणं. पहिलं काम ते मांडी घालून, जीभ दातांत धरून, अगदी शांतपणे करायचे. दुसऱ्याला फार वेळ लागत नसे. दोन्ही मी इतक्या जवळून पाहिली आहेत की आजही डोळे मिटले तर त्यांचे हात दिसतात, चेहरा नंतर आठवतो.

आमचं गाव आलापल्लीच्या अलीकडे, सागवानाच्या जंगलाला लागून. बाबा लाकूड डेपोवर होते. सागाचे लठ्ठे रचून रचून त्यांचे खांदे रुंद झाले होते आणि गावात त्यांच्याशी कुणी वाकड्यात जात नसे. धान घरात आलं की जंगलात कोंबडबाजार भरायला लागायचा. पोलिसांना कळू नये म्हणून जागा दर वेळी वेगळी; पण ज्यांना कळायचं त्यांना बरोबर कळायचं. माणसं गोल करून उभी राहायची आणि मधे दोन कोंबडे.

काती म्हणजे बोटाएवढं लांब पातं, वस्तऱ्यासारख्या धारेचं. ते कोंबड्याच्या एका पायाला दोऱ्यानं बांधतात. सैल बांधलं तर झुंजीत निसटतं, फार आवळलं तर पाय बधिर होतो आणि कोंबडा उडी घेत नाही. बाबांची बांधणी आसपासच्या गावांत नावाजलेली होती. घरी सराव करताना पहिली गाठ मी बोटानं दाबून धरायची आणि वरचे वेढे ते द्यायचे. बोट जरा हललं की डोक्यात टपली बसायची. ती गाठ मी अशी शिकले.

झुंज फार वेळ चालत नाही. दोन्ही कोंबडे हातात धरून एकमेकांच्या मानेला चोच मारू द्यायची, म्हणजे त्यांचं डोकं फिरतं. मग सोडायचं. दोन-तीन उड्या होतात, पिसं उडतात, एक जण मातीत तडफडतो आणि बघणारे असे ओरडतात की जणू त्यांनीच मारलं. हरलेला कोंबडा जिंकणाऱ्याच्या घरी शिजतो. जिंकलेलाही फाटलेलाच असायचा. त्याला बाबा मांडीवर उताणा धरायचे, गोधडीच्या सुईदोऱ्यानं जखम शिवायचे आणि खिशातून कॅप्सूल काढायचे. ती चिमटीत फिरवून उघडायची, अर्धी भुकटी जखमेत टाकायची आणि अर्धी पाण्यात कालवून चोचीत ओतायची. कॅप्सूल कोणती, हे बाजारात कुणालाच माहीत नव्हतं. लाल-काळी द्या म्हटलं की दुकानदार द्यायचा.

मायला कधी कॅप्सूल मिळाली नाही. एकदा कोंबडा हरला म्हणून घरी आल्या आल्या बाबांनी चुलीजवळचं लाकूड उचललं. मायनं डोकं वाचवायला हात वर केला आणि तिचं मधलं बोट मोडलं. ते तसंच वाकडं जुळून आलं. मारून झालं की बाबा नेहमी एकच वाक्य बोलायचे, "बाहेर तोंड उघडशील तं जीव घेईन." आमच्या घरात हे वाक्य 'वाढ जेवाले' इतकंच नेहमीचं होतं. माय तोंड उघडत नसे. शेजारणीनं विचारलं तर म्हणायची, लाकडं फोडताना लागलं.

बाजाराचीही अशीच रीत होती. काती कधीकधी कोंबड्याला न लागता माणसाला लागते. मी शाळेत होते तेव्हा आमच्याच गावचा एक जण कोंबडा उचलायला वाकला आणि कोंबड्यानं लाथ मारली. मांडीची शीर तुटली. त्याला खाटेवर टाकून आणलं तेव्हा खाटेच्या सुतळीतून रक्त ठिबकत होतं आणि गावातली कुत्री मागून येत होती. दवाखाना गाठेपर्यंत तो गेला. डॉक्टरला, पोलिसांना, सगळ्यांनी एका तोंडानं सांगितलं की विळ्यावर पडला. काती लागलेला माणूस आमच्याकडे कधी काती लागली म्हणत नाही. विळा म्हणतो. काती म्हटलं तर केस होते, बाजार बंद पडतो आणि सांगणाऱ्याच्या घरावर दगड येतात.

या सगळ्यातून मी शिकले, नेट लावून शिकले, कारण घराबाहेर पडायचा दुसरा रस्ता मला दिसत नव्हता. चंद्रपूरला कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायला लागले आणि पुढे तिथल्याच प्रयोगशाळेत संशोधन सुरू केलं. विषय काय, तर कोंबडीच्या गर्भाचं हृदय. पळून पळून मी शेवटी कोंबड्यांपाशीच आले, याचं मला हसू येतं आणि संतापही येतो.

काम असं असतं. अंडं उबवणीच्या पेटीत ठेवायचं. मग कवचाला नखाएवढी खिडकी कापायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचं. दुसरा दिवस उलटता उलटता पिवळ्या बलकावर एक लाल ठिपका हलताना दिसतो. त्याला डोळे नाहीत, चोच नाही, पाय नाहीत, पण हृदय ठोके द्यायला लागलेलं असतं. तेव्हा ती नुसती वाकलेली नळी असते. पुढे तिला कप्पे पडतात, कप्प्यांच्या दारांशी मऊ गाद्या येतात आणि वाहणारं रक्त त्या गाद्या घासून घासून त्यांच्या झडपा घडवतं. हृदयातून अंगभर रक्त नेणारी जी मोठी धमनी असते, तिच्या तोंडाशी तीन पाकळ्यांची झडप तयार होते. माणसात आणि कोंबड्यात ही गोष्ट सारखीच आहे.

लोकांना वाटतं, हे फार नाजूक, बायकी काम. नाजूक आहेच, पण त्यात मारामारीही आहे. मी त्या जिवंत गर्भाच्या शिरेला केसाएवढ्या दोऱ्यानं फास घालते. रक्ताची वाट बदलते आणि झडप चुकीची घडते; काही गर्भांत तीनऐवजी दोनच पाकळ्या होतात. मग त्याच रक्तात मी जिवाणू सोडते आणि ते कुठं जाऊन बसतात ते पाहते. चांगल्या झडपेवरून ते वाहून जातात. बिघडलेल्या झडपेपाशी रक्त घुमतं, आतलं अस्तर खरचटतं आणि जिवाणूला तेवढंच हवं असतं. तो तिथं चिकटतो, वर रक्ताच्या गाठीचं पांघरूण ओढतो आणि आत बसून झडप खातो. औषध थोडं दिलं तर वरचे मरतात, खालचे राहतात. रक्त तपासावं तर स्वच्छ. शेवटी मी चिमट्यानं हृदय उपटून घेते. ते काचेच्या बशीतही थोडा वेळ ठोके देत राहतं. पहिल्यांदा मला ओकारी आली होती, आता येत नाही.

दोऱ्याची ती गाठ बाबांचीच. प्रयोगशाळेत सगळे विचारतात, तुमचा फास सुटत कसा नाही?

अंडी मी घरूनच आणायची. पोल्ट्रीच्या खाण्याच्या अंड्यात जीव नसतो. आमच्या कोंबड्यांच्या प्रत्येक अंड्यात असायचा. धानाच्या तुसात टोपली भरून एसटीनं आणायची. बाबांना हे फार झोंबायचं, कारण ती त्यांच्या झुंजार कोंबड्यांची वीण होती. एका पौर्णिमेला आमचं चांगलंच जुंपलं. दर पौर्णिमेला बाबा विहारात पहिल्या ओळीत बसून पंचशील म्हणायचे, जिवाची हिंसा करणार नाही हे तर सगळ्यांत मोठ्या आवाजात. त्या दिवशी तिथून आले आणि पांढरा सदरा न काढताच कातीला धार लावायला बसले. मी म्हटलं, "बाबा, आता तर म्हनून आले ना?"

"अन् तू काय करते?" ते म्हणाले. "माह्या कोंबड्याले लढाचा चान्स तरी रायते. तुह्या पिल्लाले तं चोच बी नाई आली."

"मी करते ते लोकायचा जीव वाचावा म्हनून."

"वाचला काय कोनाचा आतापावतर?"

माझ्या हातात स्टीलचा पेला होता. मी तो फेकून मारला. त्यांच्या कानाजवळून जाऊन भिंतीवर आदळला आणि भिंतीचा पोपडा पडला. मला वाटलं, आता हे उठणार. पण बाबा हसले. मायकडे वळून म्हणाले, "माहीच पोरगी हाये." इतका राग मला आयुष्यात कधी आला नसेल, कारण ते खरं होतं.

त्या वर्षी संक्रांतीनंतर मायचा फोन आला, बाबांना ताप आहे. आमच्या भागात ताप म्हणजे मलेरिया. गोळ्या झाल्या, ताप उतरला, पुन्हा आला. मग टायफॉइड म्हणून सलाईन झालं, ताप उतरला, पुन्हा आला. मी गावी गेले तेव्हा बाबांचे ते रुंद खांदे खुंटीला टांगलेल्या सदऱ्यासारखे लोंबत होते. ओट्याची पायरी चढणंही जमत नव्हतं. मी गाडी केली आणि त्यांना चंद्रपूरला आणून एका दवाखान्यात भरती केलं. माय बरोबर होती.

डॉक्टर माझ्याच वयाचे, सावकाश बोलणारे. त्यांनी छातीला नळी लावली आणि बराच वेळ ऐकत राहिले. म्हणाले, "हृदयात आवाज येतोय. काका, मधे कुठं कापलं, खुपलं, जखम झाली होती का?"

"विळा लागला होता. गवत कापतानी," बाबा म्हणाले. "भरली तवाच."

"काही औषध घेतलं होतं? कॅप्सूल, इंजेक्शन?"

"काई नाई. हरद लावली."

रक्ताची कल्चर तपासणी झाली. बाटलीत रक्त घालून त्यात काही उगवतं का ते पाहतात. काहीच उगवलं नाही. छातीवरून सोनोग्राफी झाली. झडप जरा जाड दिसते, वयानं असेल, असं लिहून आलं. ताप आपला येतच होता. पुन्हा मलेरिया तपासला, क्षय तपासला. मी रोज कॉलेजातून दवाखान्यात यायची आणि डॉक्टरांशी हुज्जत घालायची. माझं डोकं एकाच जागी अडकलं होतं. हृदयात आवाज, जाड झडप, उतरून परत येणारा ताप. हे मी अंड्यांत रोज घडवत होते. फक्त एक कडी जुळत नव्हती. रक्त स्वच्छ का?

एका दुपारी नर्स चादर बदलत होती. बाबांना कुशीवर वळवायला मी हात लावला, लुंगी सरकली आणि मांडीवरचा व्रण दिसला. लांब, सरळ, चांगला भरलेला. डॉक्टरांनी तो पाहिला असणारच आणि विळा म्हणून सोडून दिला असणार. पण व्रणाच्या दोन्ही बाजूंना टाक्यांच्या खुणा होत्या, एकाआड एक तिरप्या. कुठलाही डॉक्टर असे टाके घालत नाही. कोंबड्याच्या छातीवर ते मी लहानपणापासून पाहत आले होते.

नर्स गेल्यावर मी पडदा ओढला आणि विचारलं, "काती लागली ना?"

"विळा."

"बाबा, मी टाके ओळखते. तुमी सोताच शिवलं. मंग कॅप्सूलबी घेतली असन. घेतली ना?"

"नाई."

"घेतली असन तं सांगा. रक्तात काई काऊन दिसून नाई राह्यलं, ते मंग समजते. एवढंच सांगा, लगेच औषध चालू होते. नाई तं मरसान तुमी."

"पोलिसात देतं काय मले?" बाबा म्हणाले आणि उठून बसले. त्या अंगात एवढा जोर कुठून आला कुणास ठाऊक. सलाईनची सुई टोचलेल्या हातानंच त्यांनी मला थोबाडीत मारली. सुई निघाली. नळी हिसडली जाऊन बाटली स्टँडसकट खाली आली. माझ्या गालावर, त्यांच्या सदऱ्यावर, पडद्यावर रक्ताचे शिंतोडे उडाले. मी त्यांची दोन्ही मनगटं धरली आणि पलंगावर दाबली. मला ते जमलं, याचंच मला आश्चर्य वाटलं. ते माझ्याखाली धापा टाकत होते आणि मी ओरडत होते, "सांगा, सांगा, सांगा." शेजारच्या पलंगापाशी बसलेल्या बाईनं नर्सला हाका मारल्या. बाबा दातओठ खात म्हणाले, "तोंड उघडशील तं जीव घेईन." मी हात सोडले.

माय बाहेर बाकावर बसली होती. माझ्या गालावरचं रक्त तिनं पदरानं पुसलं आणि ते कुणाचं, हे विचारलं नाही. मी तिच्या पायाशी बसले. "माय, त्याहिनं लाल-काळी घेतली काय? तुले मालूम असन. घरात तं तूच होती."

"मले का मालूम?" माय म्हणाली. "मले सांगून करत होते काय ते काई?"

मी डॉक्टरांकडे गेले आणि कातीचं सगळं सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं. म्हणाले, "औषध घेतलं असेल तर कल्चरच्या रिपोर्टला काही अर्थ नाही. मी आत्ता, या क्षणी सुरू करीन. पण ही औषधं जहाल आहेत आणि यांच्या किडन्या आधीच कुरकुरताहेत. पेशंट नाही म्हणतोय, बायको नाही म्हणते. उद्या अन्ननलिकेतून नळी घालून हृदय जवळून बघू, मग ठरवू." त्यांच्या जागी मी असते तर हेच म्हटलं असतं. तरीही त्यांच्या टेबलावरचा पेपरवेट उचलून काचेवर मारावा असं मला वाटलं.

सकाळी मी आले तेव्हा बाबांचं तोंड वाकडं झालं होतं. झडपेवरच्या गाठीचा एक तुकडा सुटून मेंदूत गेला होता. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डोळे मात्र जागे होते आणि त्यांत मी पहिल्यांदा भीती पाहिली. मी जवळ बसून पुन्हा तोच प्रश्न विचारला. ते कालपर्यंत सांगत नव्हते, आता सांगू शकत नव्हते. तोंडातून नुसती लाळ आणि घरघर. मग त्यांनी डावा हात उचलला. अंगठा आणि बोट जुळवून हवेत काहीतरी फिरवलं, उघडल्यासारखं केलं. मांडीवर दोनदा टिचकी मारली. मग तीच चिमूट ओठांशी नेली.

मी किंचाळले. डॉक्टर धावत आले. त्या तासात औषध सुरू झालं.

नळीतून हृदय बघताना डॉक्टरांनी मला पडद्यासमोर उभं राहू दिलं. पडदा काळा-पांढरा होता, पण मला कुणी काही समजवायची गरज नव्हती. बाबांच्या मोठ्या झडपेला दोनच पाकळ्या होत्या. जन्मापासून. आजीच्या पोटात, कुणी दोरा न बांधता, रक्ताची वाट कुठंतरी चुकली होती, आणि तेच हृदय घेऊन ते आयुष्यभर लठ्ठे उचलत, कोंबडे लढवत, मायला बडवत जगले. एका पाकळीवर गाठींचा गोंडा लटकत होता आणि मुळाशी भोक पडलं होतं. प्रत्येक ठोक्याला बाहेर गेलेलं रक्त भसाभसा मागं येत होतं. माझ्या टेबलावर अशी हृदयं मी किती उपटली असतील. हे एक उपटता येत नव्हतं आणि शिवताही येत नव्हतं. मेंदूत इजा असताना लगेच ऑपरेशन केलं तर टेबलावरच जातील, डॉक्टर म्हणाले. औषध काम करेपर्यंत थांबावं लागेल.

हृदय तोवर थांबायला तयार नव्हतं. आधी श्वास लागायला लागला, मग तोंडातून गुलाबी फेस यायला लागला. बाबा बसूनच राहायचे, आडवं केलं की हात-पाय झाडायचे. शेवटच्या दिवशी त्यांनी पलंगाच्या दांड्याला असं धरलं होतं की बोटं सोडवायला दोन माणसं लागली. मी त्यांचा तिरस्कार करते असं मला वाटत आलं होतं. तेव्हा मात्र मी नर्सच्या गळ्यात पडून लहान पोरीसारखी रडले.

गावात नेऊन अग्नी दिला. पुण्यानुमोदनाच्या दिवशी अंगणात मांडव होता, जेवणं झाली आणि पाहुणे पांगले. बाजारातले दोन जण मात्र रेंगाळले. त्यांच्याकडूनच मला झालं ते कळलं. पोलिसांच्या शिट्ट्या वाजल्या, सगळे पळाले. बाबा कोंबडा काखेत घेऊन पळत होते, काती काढायला वेळ मिळाला नाही आणि कोंबडा बिथरला. तोच कोंबडा आता परसात खुराड्याला बांधलेला होता. लालभडक, मानेची पिसं काढलेली, छातीवर टाक्यांचा जुना व्रण.

"वहिनी, हा कोंबडा आमाले द्या," त्यांतला एक मायला म्हणाला. "भाऊच्या नावानं लढवू. येका दमात पाडते सामनेवाल्याले."

माय काही बोलण्याआधी मी उठले. खुराड्याशी गेले, कोंबड्याचे पाय धरले आणि त्याला उलटा उचलला. त्यानं माझ्या मनगटात चोच खुपसली. खुपसू दिली. चुलीजवळचा विळा घेतला, मान अंगणातल्या दगडावर ठेवली आणि कापली. धड अंगणभर पंख फडफडवत फिरलं, मांडवाच्या पांढऱ्या कापडावर रक्त उडालं आणि ते दोघं चपला शोधत निघून गेले. "बाईले बापाचंच लागलं," असं जाता जाता एक जण म्हणाला. मी ऐकलं.

मग मी तिथंच उकिडवी बसले. छाती फाडली, हृदय काढलं आणि पाण्यानं धुतलं. सवयीनं पर्समधली छोटी कात्री काढून मोठी धमनी उभी चिरली आणि उलगडून उन्हात धरली. तीन पाकळ्या होत्या. पातळ, स्वच्छ, तिन्ही शाबूत. कुठं एक डाग नाही.

माय ताट घेऊन माझ्यासमोर येऊन बसली होती. "काय पाहून राह्यली?"

"झडप."

"कशी हाये?"

"चांगली हाये. काईच नाई झालं याले."

"कसं होईन?" माय म्हणाली. "यालेबी लागलं होतं तवा. कॅप्सूल फोडली का आधी याले देत. उरली का मंग सोताच्या मांडीत अन् तोंडात. ताप आला का पुन्हा तेच. अर्धी याले, अर्धी सोताले. गाडीत बसाच्या आधी बी घेतली."

अंगणात कुत्रं धडापाशी आलं होतं, त्याला हाकलायचंही मला सुचलं नाही. दवाखान्यातला बाक मला दिसला, तिच्या पायाशी बसलेली मी दिसले.

"माय, मी तुले विचारलं होतं. तवा काऊन नाई सांगितलं?"

मायनं माझ्या हातातलं हृदय घेतलं आणि ताटात ठेवलं. तिचं वाकडं बोट ताटाच्या काठावर होतं. आवाज चढला नाही, डोळ्यांत पाणी आलं नाही. भाजीत मीठ टाकलं की नाही हे सांगावं, तसं ती म्हणाली, "त्याहिनं सांगतलं होतं, तोंड उघडशील तं जीव घेईन. मी नाई उघडलं."

मग तिनं कुत्र्याला हाड् म्हटलं, धड उचललं आणि पिसं काढायला बसली.